मुलांचे दप्तर आणि शाळेचे दप्तर



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली पाडली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे, असा प्रघात आहे. आम्हीही उमेदीची वर्षे अशीच ऐकण्यात घालविली. आमचे शाळेतील शिक्षण आठवीत थांबले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. वडील गिरणीत होते. संप लांबला आणि आमची शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते निम्मे सार्वजनिक वाचनालयात आणि निम्मे अशा मांडवांत. तेव्हा आज बोलण्याची पाळी आली आहे ती ऋण फेडण्याचीच आहे, असे आम्ही समजतो.

चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, ‘शाळांतील मुलांच्या नोंदी आता संगणकात ठेवतात, त्या ठेवणाऱ्या माणसांना ते काम कोणी व कसे शिकवावे?’ ऐकून एका चालकांचा चेहरा जरा उतरला. उन्हाळ्याचे दिवस, दमून आलेले श्रोते आणि विषय कारकुनीचा! परंतु आम्ही आग्रह धरला. तो का, हे पुढल्या पाऊण तासात आपल्याला पटले नाही, तर दोष विषयाचा नाही, आमचा आहे.

शाळेत दोन दप्तरे असतात. एक मुलाच्या पाठीवरचे. त्याच्या वजनाबद्दल वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून येते. दुसरे दप्तर कचेरीतल्या लोखंडी कपाटात असते. त्याचे वजन कोणी करीत नाही. पण मूल ते जन्मभर वाहते. त्या दप्तरातील मुख्य वही म्हणजे जनरल रजिस्टर. मुलाचे नाव, आईचे नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख आकड्यांत व अक्षरांत, आधीची शाळा, शाळेत आल्याची तारीख, सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण, वर्तणूक. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे या वहीतील एका आडव्या ओळीची नक्कल. त्या ओळीवर नोकरी मिळते, जातीचा दाखला मिळतो, निवृत्तीची तारीख ठरते.

आमचेच पाहा. आमची जन्मतारीख १ जून आहे. आई सांगे की आमचा जन्म नागपंचमीच्या सुमाराचा. पण शाळेत घालायला नेले तेव्हा तारीख कोणाला सांगता येईना, आणि गुरुजींनी १ जून लिहून टाकली. या मांडवात आमच्या वयाची जी मंडळी आहेत त्यांत ‘एक जूनवाले’ पुष्कळ निघतील. सरकारी कचेऱ्यांत दरवर्षी ३१ मे रोजी निरोपसमारंभांची एवढी गर्दी का होते, याचे उत्तर त्या गुरुजींच्या टाकात आहे. आपण हसलात; पण एका माणसाच्या लेखणीच्या एका फटकाऱ्याने लाखो माणसांची वये ठरली, ही गोष्ट हसून सोडण्यासारखी नाही.

दुसरे उदाहरण फार मोठ्या माणसाचे आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, एक मुलगा दाखल झाला. रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर त्याचे नाव भिवा असे आहे. हा भिवा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी ज्या कारकुनाने वा मास्तराने ती ओळ लिहिली, त्याला पुढचे काही माहीत नव्हते. त्याने फक्त आपले काम नीट केले. म्हणून ती ओळ आजही दाखविता येते.

जातीच्या दाखल्याला जुने पुरावे लागतात हे आपण जाणताच. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. हा पुरावा पुष्कळदा आजोबांच्या शाळेच्या वहीतच सापडतो. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधावयास घेतल्या, तेव्हा शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे बाहेर निघाली. काही नोंदी मोडीत होत्या. त्या प्रश्नाची राजकीय बाजू आज आमचा विषय नाही. आम्हाला एवढेच दाखवायचे आहे, की साठ-सत्तर वर्षांपूर्वी वा त्याहीआधी कोणी एका कारकुनाने लिहिलेली ओळ आज त्याच्या नातवंडांच्या वयाच्या माणसांचे नशीब ठरवीत आहे.

आता, हे काम त्या कारकुनाला कोणी शिकविले होते? त्याला वर्ग नव्हता, पुस्तक नव्हते. पण शिक्षण होते. आम्ही उपनगरातील एका शाळेत शिपाई म्हणून लागलो. आमचे अक्षर बरे म्हणून हेडक्लार्क आम्हाला जूनच्या गर्दीत मदतीस घेत. पहिले वर्षभर त्यांनी आम्हाला रजिस्टराला हात लावू दिला नाही. कच्च्या कागदावर लिहायचे, त्यांनी तपासायचे, मग त्यांनी पक्के उतरायचे. त्यांचे नियम तीन. पालक सांगतील ते ऐकायचे, पण कागद पाहून लिहायचे. तारीख आधी अक्षरांत लिहायची, मग आकड्यांत. आणि चूक झाली तर खोडायचे नाही, गिरवायचे नाही; एक आडवी रेघ मारून वर लाल शाईने लिहायचे आणि हेडमास्तरांची सही घ्यायची. ‘जुने वाचता आले पाहिजे,’ असे ते म्हणत. ‘चूक लपविली की ती लबाडी होते.’ नोंदीत नाव वा तारीख बदलण्याचा अधिकार शाळेला आपल्या मर्जीने नाही, वरच्या शिक्षणाधिकाऱ्याची मंजुरी लागते, हेही त्यांच्याकडूनच कळले. माणसाने माणसाला शिकविण्याची ही रीत होती. वेळ लागे, पण हात तयार होई.

नंतर यंत्र आले. ते का आले, हे प्रथम प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पटावर खोटी नावे चढविण्याचा रोग आपल्या राज्यात होता. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी करावी लागली, ती हौसेने नव्हे. पटावर मुले किती यावर शिक्षक किती हे ठरते. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे १ शिक्षक, सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे १. शिक्षकांच्या पदांचा हा हिशोब म्हणजे संच मान्यता. तेव्हा खोटे मूल म्हणजे खोटा पगार. प्रत्येक मुलाची वेगळी नोंद असावी आणि ती कोठूनही पाहता यावी, ही मागणी चुकीची नव्हती. २०१२-१३ पासून शाळांची माहिती यू-डायस या देशव्यापी पद्धतीत जाऊ लागली. २०१५ साली आपल्या राज्याने ‘सरल’ ही प्रणाली आणली. २०२२-२३ पासून यू-डायस प्लसमध्ये मुलांची एकेकट्याने नोंद होऊ लागली. आज शाळेचा ११ अंकी क्रमांक, मुलाचा १२ अंकी आधार क्रमांक, त्यावर १२ अंकी ‘अपार’ क्रमांक, अशी आकड्यांची माळ कारकुनाच्या हातात आली आहे.

येथे आम्हाला आमच्या संघटनेची एक चूक कबूल करावयाची आहे. शाळांत पहिले संगणक आले तेव्हा आम्ही ठराव केला, की जादा पद मंजूर झाल्याशिवाय आमचा माणूस या यंत्राला हात लावणार नाही. टाळ्या पुष्कळ पडल्या. ठरावाचा परिणाम असा झाला, की संगणक फुलाफुलांच्या प्लास्टिकखाली झाकून राहिला, आणि आमची माणसे शिकायची राहिली. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आमच्याहून शहाण्या ठरल्या. त्यांनी १९८३ साली व्यवस्थापनाशी यंत्रांविषयी करार केला, यंत्रे कोठे व किती हे ठरविले, ती चालविणाऱ्यांना भत्ता मिळविला. आम्ही नुसते ‘नाही’ म्हणत बसलो. मग सरल आली आणि रात्र थोडी सोंगे फार अशी अवस्था झाली.

त्यावेळचे शिक्षण कसे होते ते सांगतो. दुपारी एका सभागृहात दोनशे माणसे. पुढे एक पडदा. बोलणारा गृहस्थ भला होता, पण तो स्वतःच आदल्या दिवशी शिकून आलेला. ‘येथे दाबा, मग येथे दाबा, मग जतन करा.’ दोन तासांनी चहा, हजेरीपटावर सही, आणि उद्यापासून काम सुरू. पी हळद आणि हो गोरी! मागच्या रांगेतील माणसाला पडद्यावरची अक्षरे दिसत नव्हती. एकाच्याही बोटाने एकही कळ दाबली नव्हती. आणि मूळ प्रश्न कोणी विचारलाच नाही: पडद्यावरच्या चौकटीत जे भरायचे, ते कोठून घ्यायचे? रजिस्टरातून, आधारपत्रातून, की आईबापांच्या तोंडून?

हा प्रश्न आमच्या उपनगरांत फार बिकट आहे. मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, तमिळ, तेलुगू व कन्नड अशा आठ भाषांतून चालतात. तमिळ घरात आडनाव नसते, बापाच्या नावाचे आद्याक्षर असते. चौकट आडनाव मागते आणि त्यावाचून पुढे सरकत नाही. उत्तरेकडून आलेल्या कुटुंबात बाप एक आडनाव लावतो, मुलगा नुसता ‘कुमार’. आपल्या ज्ञानेश्वराचेच घ्या. आपण ‘ज्ञ’ एका तऱ्हेने म्हणतो, हिंदी माणूस दुसऱ्या तऱ्हेने, आणि इंग्रजीत दोघांची अक्षरे वेगळी पडतात. माणसाला कळते की मूल एकच. यंत्राला वाटते दोन. कुऱ्हाडे हे नाव जुन्या टंकातून नव्यात आणताना असे मोडते, की कुऱ्हाड्यांनाही ओळखू येत नाही. नोंद आधाराशी जुळली नाही की मूल संच मान्यतेच्या हिशोबात येण्यास अडचण, आणि जुळविण्याच्या घाईत कोणी मूळ रजिस्टराशी विसंगत भरले, तर दहा वर्षांनी मुलाची पंचाईत.

घाईने काय होते, याचा मोठा धडा मुंबई विद्यापीठाने २०१७ साली दिला. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरले. हेतू वाईट नव्हता. पण सारी व्यवस्था ऐन परीक्षांच्या हंगामात उभी केली, प्राध्यापकांना सरावाला अवधी मिळाला नाही. ३१ जुलैची मुदत टळली, निकाल लांबत गेले, पुढील प्रवेश हुकण्याची पाळी मुलांवर आली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केले गेले. आधी कळस मग पाया, याचा तो नमुना होता. कलिन्याला पदव्युत्तर शिकलेल्या माणसांची ही गत झाली. तर आमच्या बारावी झालेल्या कारकुनाची काय कथा?

आता एक घटना सांगतो. शाळेचे नाव सांगत नाही, मुलीचेही नाही. घाटकोपरच्या डोंगरावर राहणारी मुलगी, आई घरकाम करणारी. रजिस्टरात जन्मतारीख ४ मे. पडद्यावर भरताना दिवस आणि महिना उलटले. ५ एप्रिल झाली. ज्या बाईंनी भरले त्या शाळेत एकट्याच कारकून. फोन, फी, पगारपत्रके, सगळे त्यांच्याकडे, आणि नोंदी भरायच्या रात्री अकरानंतर, कारण दिवसा प्रणाली धीमी. पुढे दहावीचे अर्ज सरलमधील माहितीवरून भरण्याची पद्धत आली, आणि चुकीची तारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर छापून आली. परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला अर्ज करताना जन्मदाखला आणि प्रमाणपत्र जुळेना. दुरुस्तीच्या खेपांत मुलीचे वर्ष गेले.

शाळेने कारकून बाईंना नोटीस दिली. बाई आमच्याकडे आल्या. आमचा मुद्दा तयारच होता: शिकविले नाही, माणूस दिला नाही, मग जबाबदार कोण? आम्ही भांडलो आणि नोटीस मागे घ्यावयास लावली. त्या संध्याकाळी कचेरीत पेढे वाटत असताना त्या मुलीची आई दारात उभी राहिली. ती रागावली नव्हती. म्हणाली, ‘भाऊ, बाईंची नोकरी वाचली, चांगलं झालं. त्यांचं काय चुकलं हो, त्या तरी किती करतील? पण माझ्या मुलीचं वर्ष कोणाकडे मागू?’ आमच्याजवळ उत्तर नव्हते. पेढ्यांचा पुडा आम्ही बंद केला. त्या रात्री आम्हाला कळले, की ‘आम्हाला शिकविले नाही’ हे वाक्य साहेबापुढे खरे आहे, पण त्या आईपुढे अपुरे आहे.

मग आम्ही रविवारचा वर्ग सुरू केला. संघटनेची एक खोली, कोणी दिलेले तीन जुने संगणक, आणि पाठ्यक्रम आमचा. निवृत्त हेडक्लार्क रजिस्टर शिकवीत, तरुण मुले पडदा शिकवीत. पहिल्यांदा दोघांचे पटेना. म्हातारे म्हणत, या पोरांना दाखल्याची किंमत नाही. पोरे म्हणत, आजोबांना बाण कोठे आहे तेच दिसत नाही. महिन्याभरात दोघेही एकमेकांचे विद्यार्थी झाले.

आम्ही एक सरावाची शाळा बनविली. तिचे रजिस्टर खरे, मुले कल्पनेची, चाळीस. जुळी भावंडे, एकच तारीख, आद्याक्षरेही तीच. आडनाव नसलेला तमिळ मुलगा. केवळ आईचे नाव लावणारी मुलगी. दत्तक गेलेले मूल. दाखला न आणता आलेले मूल. त्याला परत पाठवायचे नाही, कारण दाखल्याला उशीर झाला हे कारण प्रवेश अडविण्यास चालत नाही, असे शिक्षणहक्क कायदा सांगतो. झोपडी हटल्यामुळे अंधेरीहून मानखुर्दला गेलेले मूल, ज्याची नोंद जुन्या शाळेने सोडली नाही म्हणून जे दोन्हीकडे अडकले आहे. पावसाळ्यानंतर आईबापांबरोबर गावी गेलेले आणि फेब्रुवारीत परतलेले मूल. प्रत्येकाने ही चाळीस मुले वहीतून पडद्यावर चढवायची, मग वह्या बदलून दुसऱ्याने ती तपासायची. जेवढ्या चुका व्हायच्या तेवढ्या तेथे होऊ द्यायच्या. खोट्या मुलाचे वर्ष वाया जात नाही.

त्या वर्गात कारकून बाईही आल्या. त्यांनी एक नियम घालून दिला, तो आजही भिंतीवर लावलेला आहे: तारीख भरल्यावर ती मोठ्याने, महिन्याच्या नावासकट वाचायची. ‘चार मे’ असे तोंडाने म्हटले की ‘पाच एप्रिल’ डोळ्यांना खुपतो. पाहा, यात आमच्या जुन्या हेडक्लार्कांचा नियम कसा परत आला. तेही तारीख आधी अक्षरांतच लिहीत.

या अनुभवावरून आमच्या मागण्या ठरल्या आहेत. पहिली, शिक्षण नोकरीच्या वेळेत व्हावे. रात्री आणि रविवारी शिकणे हा आमचा नाइलाज होता, तो नियम होऊ नये. दुसरी, शिकणाऱ्याच्या हाताखाली यंत्र असावे आणि सरावासाठी कल्पित शाळा असावी. पहिली चूक खऱ्या मुलावर होता कामा नये. तिसरी, बटणांबरोबर नोंदीचा अर्थ आणि कायदा शिकवावा, आणि तो मराठीत. चौथी, भरणारा एक व तपासणारा दुसरा असावा. आज पुष्कळ शाळांत कारकुनाची जागाच रिकामी आहे. ११ डिसेंबर २०२० च्या निर्णयाने शिपायांच्या जागा रिकाम्या होतील तशा त्यांऐवजी ठोक भत्ता आला. मग काम शिक्षकाकडे जाते, किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात जाते, आणि त्याबरोबर शाळेचा पासवर्ड आणि शेकडो मुलांचे आधार क्रमांकही जातात. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीला विशेष जपले आहे. पण कायदा दुकानाच्या बाकावर जाऊन बसत नाही. पाचवी मागणी आमची आमच्याकडेच आहे: ज्याला शिकविले, त्याने चूक झाल्यास लपवू नये, त्या दिवशीच सांगावी. चूक सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही, हे पाहणे संघटनेचे काम.

आपण म्हणाल, यात आम्ही नागरिकांनी काय करावे? तीन गोष्टी करा. जूनमध्ये शाळा उघडली की आपल्या मुलाची वा नातवाची नोंद शाळेत जाऊन वाचा. ‘अपार’ला आपली संमती लागते, तेव्हा सही करण्यापूर्वी वाचा. आपण शाळा व्यवस्थापन समितीत असाल, तर तेथे विचारा की आमच्या कारकुनाला शिकविले आहे काय. आणि मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीत बँका, आयुर्विमा, रेल्वे यांतून निवृत्त झालेली मंडळी शेकड्यांनी आहेत. ज्यांनी जन्मभर खातेवह्या सांभाळल्या, त्यांनी वर्षातून चार रविवार आमच्या वर्गाला द्यावेत.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आता आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव असा क्रम येणार आहे. त्यांतील पहिली मुले २०३० साली पहिलीत येतील. नावाचा क्रम बदलला की चौकटी बदलतील, जुन्या नोंदी आणि नव्या नोंदी यांचा मेळ घालावा लागेल, आणि पुन्हा एकदा कोणीतरी सभागृहात दोनशे माणसे बोलावून ‘येथे दाबा’ म्हणेल. त्याला अजून अवधी आहे. या वेळी आधी शिकवून घेऊ.

त्या मुलीची हकिकत अर्धी ठेवून खाली बसणे बरे नाही. तिला पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. परवा तिची आई वाटेत भेटली; धाकटा मुलगा बरोबर होता, त्याला यंदा पहिलीत घालायचे आहे. म्हणाली, ‘भाऊ, याची तारीख भरतील तेव्हा मी तिथंच उभी राहणार आहे.’ आम्ही म्हटले, ‘जरूर राहा. आणि बाईंना सांगा, मोठ्यानं वाचा.’